आवाज रेकॉर्ड करायला कोणतं सॉफ्टवेअर, ऑडॅसिटी की रीपर?

नुसतं निवेदन किंवा पॉडकास्ट करायचं असेल तर ऑडॅसिटी घ्या. पूर्ण मोफत, मुक्त स्रोत आणि पंख्याची घरघर काढणारी सोय आतच. २०२२ च्या ३.२ आवृत्तीपासून इफेक्ट ऐकता ऐकता बदलताही येतात.

गाणं असेल तर मात्र मी रीपरच सुचवेन. एकच ओळ अनेकदा गाऊन प्रत्येक टेकमधला चांगला तुकडा निवडायचा, जोडायचा, हे त्यात फार सहज होतं. मूळ रेकॉर्डिंगला धक्का लागत नाही. सूर दुरुस्तीसाठी रीट्यून सोबतच मिळतं. सुरुवातीला मेनू पाहून गोंधळायला होतं, तेवढा धीर धरा. ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघा. वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा.

माइकजवळची खोली शांत हवीच, दोन्हींसाठी.