गेम घ्यायचाय? टीव्हीची बातमी, यूट्यूबर की दुकानदार: कोणाचं ऐकायचं

नाशिकमध्ये मुलाला कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) किंवा नवा गेम घ्यायचा म्हटलं की सल्ले तीन ठिकाणांहून येतात: टीव्हीवरची बातमी, यूट्यूबवरचा गेमर आणि एम. जी. रोडवरचा दुकानदार. यातला निःस्वार्थी कोणीच नाही. ज्याचा स्वार्थ उघड दिसतो त्याचं बोलणं निदान तो स्वार्थ वजा करून ऐकता येतं, म्हणून माझ्या यादीत टीव्ही सगळ्यात खाली.

गेमवरची एखादी बातमी नीट बघा. अँकर सांगते, 'तरुणाईत या गेमची तुफान क्रेझ.' मग पडद्यावर चकाचक दृश्यं. ती वाहिनीतल्या कोणी गेम खेळून घेतलेली नसतात, बहुतेक वेळा तो कंपनीचाच ट्रेलर असतो. मध्ये मॉलमधल्या दोन पोरांचे बाईट, 'ग्राफिक्स एकदम भारी'. शेवटी किंमत आणि कधीपासून मिळणार ते. उणं वाक्य एक नाही, दुसऱ्या गेमचं नाव नाही. यामागे पैसे असतील किंवा नसतीलही. वार्ताहराला गेममधलं फारसं कळत नाही, बुलेटिनची वेळ झालेली आहे आणि प्रेस नोट मेलवर तयार पडली आहे, एवढ्यानेही अशीच बातमी बनते. घरी बसून यातलं काय झालं ते ओळखता येत नाही.

स्थानिक केबलवर निदान गंमत तरी असते. गेमिंग कॅफेचं उद्घाटन, फीत कापायला माजी नगरसेवक, आणि बातमी संपते न संपते तोच त्याच कॅफेची जाहिरात. जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे, असं केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, 1994 मध्ये लिहिलेलं आहे. पण जी जाहिरात आहे हेच कोणी कबूल करत नाही, ती वेगळी दाखवणार कशी? 2009 च्या विधानसभा निवडणुकीनंतर पेड न्यूजवर महाराष्ट्रात एवढा गदारोळ झाला, तेव्हापासून उमेदवाराची कौतुकाची बातमी आपण संशयानेच बघतो. गेमच्या बातमीबाबत मात्र ती सवय अजून लागलेली नाही.

ट्रेलरवर विसंबलं की काय होतं, याला सायबरपंक 2077 या गेमचं उदाहरण पुरे. डिसेंबर 2020 मध्ये तो बाजारात येण्याआधी गेमचं परीक्षण लिहिणाऱ्यांना फक्त कॉम्प्युटरवरची आवृत्ती मिळाली होती, आणि व्हिडिओत स्वतः खेळून घेतलेली दृश्यं दाखवायची परवानगी नव्हती. कंपनीने दिलेलीच वापरायची. प्रत्यक्षात सोनीच्या जुन्या प्लेस्टेशन 4 कन्सोलवर गेम इतका अडखळत होता की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत द्यायला घेतले.

पैसे लावून खेळायच्या गेमचं प्रकरण याहून वाईट. 'रिक्षाचालक रातोरात करोडपती' छापाच्या बातम्या आठवत असतील. त्यात ॲपचं नाव, किती रुपये लावले, किती जिंकले, सगळं यायचं. हरलेल्यांचा बाईट घ्यायला कोणी जात नसे. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने असे गेम आणि त्यांच्या जाहिराती, दोन्हींवर बंदी आणली. आता कोणी कौशल्याचा खेळ म्हणून कमाईच्या गोष्टी सांगत असेल तर चॅनेल बदलावं.

यूट्यूबर धुतल्या तांदळासारखे आहेत, असं नाही. अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्सने 2014 मध्ये एका गेमसाठी नामांकित यूट्यूबरांना पैसे दिले, गेममधले दोष दाखवू नका अशी अट घातली, आणि पैसे घेतल्याचा उल्लेख व्हिडिओखालच्या मजकुरात असा टाकायला लावला की 'आणखी दाखवा' दाबल्याशिवाय तो दिसू नये. तिथल्या व्यापार आयोगाने 2016 मध्ये कंपनीला यासाठी धरलं. तरीही इथे पारडं यूट्यूबकडे झुकतं. आपल्या जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे 'आस्की'च्या, 2021 पासूनच्या नियमांनुसार पैसेच नव्हे, फुकट मिळालेला गेमसुद्धा जाहीर करावा लागतो. सगळे पाळतात असं नाही, पण पाळणारा ओळखू येतो. शिवाय चांगला गेमर तासभर स्वतः खेळून दाखवतो, त्यात गेम कुठे अडकतो ते लपत नाही. दीड मिनिटाच्या बातमीत काहीही लपतं.

दुकानदाराबद्दल फार सांगायला नको. त्याला माल खपवायचाय, हे दारातच कळतं. पण कोणता गेम लोक आठवड्यात परत आणून एक्स्चेंजला देतात, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. ते विचारा. कन्सोल घेताना गेमची डिस्क घालता येते असा घेतलात तर असा एक्स्चेंज तुम्हालाही करता येईल.

दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी घेत असाल तर आधी गेमच्या खोक्यावरचा वयाचा आकडा बघा, तो बातमीत सहसा येतच नाही. मग तुमच्याकडे जे मशीन आहे, त्याच मशीनवर खेळलेला व्हिडिओ शोधा, आणि गेम बाजारात आल्यानंतर आठवड्याने अपलोड झालेला. कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांना स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आणखी एक सोय आहे: खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. जाहिरातीत फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. बातमीची क्लिप आणि बिल, दोन्ही जपून ठेवा.