चेस्की क्रुमलोव आणि आजूबाजूचा साउथ बोहेमिया, विद्यार्थ्यांसाठी कसं आहे?

चेक प्रजासत्ताकात प्रागला गेलेले आपल्याकडचे बहुतेक जण दक्षिणेकडचं चेस्की क्रुमलोव हे गाव एका दिवसात उरकतात. बस सकाळी निघते, दुपारी पोचते, मग पूल, किल्ला, आइस्क्रीम, फोटो आणि परत. विद्यार्थी असाल तर असं करू नका, मनापासून सांगतोय. मी एक सेमिस्टर तिथून जवळच चेस्के बुद्येयोवित्सेत काढलं, आता नाशिकला परत आलोय आणि कॉलेज रोडला भेटणारा प्रत्येक ज्युनियर विचारतो की तिकडे कसंय, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. माझं मत असं की मुक्काम बुद्येयोवित्सेत ठेवा, क्रुमलोवला निदान एक रात्र राहा, आणि आजूबाजूची नदी, तळी, जंगल अजिबात सोडू नका, कारण ते गाव पाण्याच्या जिवावर मोठं झालंय आणि हे कळलं नाही तर किल्ला नुसता छान दिसतो, त्यापलीकडे काही हाती लागत नाही.

बुद्येयोवित्सेत युनिव्हर्सिटी ऑफ साउथ बोहेमिया आहे, १९९१ ची. होस्टेल कॅम्पसवरच, मेस तिथंच, त्या मेसला सगळे मेन्झा म्हणतात आणि बाहेरच्या मानाने जेवण बरंच स्वस्त पडतं. शहर सपाट आहे त्यामुळे सायकलवर सगळं होतं. २६ वर्षांच्या आतल्या विद्यार्थ्याला आयएसआयसी कार्डावर (विद्यार्थ्यांचं आंतरराष्ट्रीय ओळखपत्र) ट्रेनचं तिकीट निम्म्या दरात मिळतं, हे कार्ड आधी काढा बाकी सगळं नंतर. क्रुमलोव तिथून साधारण २५ किलोमीटर, ट्रेनने पाऊण तास, फक्त तिथलं स्टेशन वर टेकाडावर आहे, खाली गावात यायला वीसेक मिनिटं चालावं लागतं, बॅग जड नको. आणि हो, चलन कोरुना आहे, युरो नाही, क्रुमलोवमध्ये काही दुकानं युरो घेतात पण रेट बघून घ्या.

बुद्येयोवित्सेला लोक बिअरचं गाव म्हणून ओळखतात, पण मला तिथली पेन्सिलची गोष्ट जास्त आवडली. हार्टमुट यांचा कारखाना १८४८ मध्ये व्हिएन्नाहून इथं आला आणि १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांनी पिवळ्या रंगाची भारी पेन्सिल काढली, नाव ठेवलं कोह-इ-नूर, आपल्या हिऱ्यावरून. ड्रॉइंग शिकलेल्या कुणाच्याही कंपासपेटीत ती असते. ग्राफाइट पण याच भागात निघायचं, खुद्द क्रुमलोवला खाण होती.

आता क्रुमलोव. व्ल्तावा नदी इथं एवढी वळणं घेते की जुनं गाव जवळजवळ सगळ्या बाजूंनी पाण्यात, आणि समोर खडकावर किल्ला. १३०२ पासून १६०२ पर्यंत, म्हणजे अख्खी ३०० वर्षं, हा किल्ला रोझम्बेर्क घराण्याकडे होता, मग कर्जामुळे सम्राट रुडॉल्फ दुसरा याला विकावा लागला. १९९२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. टॉवरवर चढाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे किल्ल्यातलं बरोक, म्हणजे त्या काळच्या नटव्या युरोपीय शैलीतलं थिएटर, त्याचं तिकीट वेगळं असतं आणि तिथं पैसे वाचवू नका. १७६६ च्या सुमाराला ते आत्ताच्या रूपात आलं आणि तेव्हाचे रंगवलेले पडदे, कपडे, लाकडी यंत्रं सगळं शिल्लक आहे, असं युरोपात फार कमी ठिकाणी उरलंय. रंगमंचाखाली दोरखंड, चाकं आणि फिरवायचे रहाट आहेत, माणसं हाताने ते फिरवायची आणि प्रेक्षकांसमोर काही सेकंदात जंगलाचा राजवाडा व्हायचा. आपल्या नाशिकच्या कालिदास कलामंदिरात बॅकस्टेजला काम केलेल्या कुणीही हे बघायलाच पाहिजे, आपण लाइट आणि कापडावर जे करतो ते त्यांनी निव्वळ लाकडावर केलंय. आत फोटो काढू देत नाहीत, मला ते बरंच वाटलं.

गावाची दुसरी बाजू पण माहिती असू द्या. १९४५ पर्यंत इथं बहुतेक लोक जर्मन बोलणारे होते, युद्धानंतर त्यांना हाकलण्यात आलं, नंतर घरं पडझडीला आली आणि १९८९ नंतर परत दुरुस्त झाली. पण दुरुस्त होऊन त्यांची हॉटेलं झाली. जुन्या गावात खरे राहणारे आता फार थोडे उरलेत. कातेर्झिना शेदा या चेक कलाकाराने २०१८ च्या व्हेनिसच्या आर्किटेक्चर बिएनालेसाठी (दर दोन वर्षांनी भरणारं प्रदर्शन) यावरच काम केलं होतं, लोकांना पगार देऊन क्रुमलोवमध्ये नुसतं नेहमीसारखं राहायला लावलं, म्हणजे कपडे वाळत घालणं वगैरे. आर्किटेक्चरवाल्यांनो, पंचवटीचा आणि गोदाघाटाचा विचार करताना हे उदाहरण डोक्यात ठेवा, कुंभ जवळ आलाय.

दुपारी गर्दी बेकार असते. संध्याकाळी टूरच्या बसेस गेल्या की गाव एकदम मोकळं होतं, रात्र राहा म्हणतोय ते याच्यासाठी.

नदीतून जाणं हा माझ्या मते सगळ्यात भारी भाग. एका गावात कनू, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी भाड्याने घ्यायची, खाली दुसऱ्या गावात परत द्यायची, सामानासाठी झाकणाचा प्लास्टिकचा पिंप देतात. क्रुमलोव ते झ्लाता कोरुना या गावापर्यंतचा टप्पा तीन-चार तासांचा, तिथं १२६३ साली स्थापन झालेला मठ आहे आणि परतीला ट्रेन मिळते. वाटेत बंधारे लागतात, त्यात होडीसाठी वेगळी उतरती वाट ठेवलेली असते. वाटेत भेटणारा प्रत्येक जण आहोय (म्हणजे हॅलो) म्हणून ओरडतो, तुम्ही पण ओरडायचं. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट मागून घ्याच, न मागता मिळेल असं धरू नका. उन्हाळ्यात पण नदीला पाणी कसं राहतं याचं कारण वर लिप्नो धरण आहे, १९५९ मध्ये पूर्ण झालेलं, जवळपास ४८ चौरस किलोमीटरचा जलाशय, तिथून पाणी मोजून सोडतात. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीपाशी काय होतं हे बघत मोठे झालेल्या आपल्याला हे लगेच समजतं. तरी ऑगस्ट २००२ मध्ये धरण असूनही क्रुमलोव आणि बुद्येयोवित्से दोन्हीकडे पाणी घुसलं होतं.

आणि त्याच पुरात साउथ बोहेमियातल्याच त्रेबोन गावाकडे जे झालं ते सिव्हिल आणि ॲग्रीच्या मुलांनी प्रत्यक्ष जाऊन बघावं असं आहे. त्या भागात शेकडो मानवनिर्मित तळी आहेत, मासे पाळायला केलेली, मुख्यतः कार्प. सगळ्यात मोठं रोझम्बेर्क तळं १५९० मध्ये झालं, बांधणारा याकुब कर्चीन, क्रुमलोवच्या त्याच रोझम्बेर्कांचा माणूस. २००२ ला त्या तळ्यात पाणी कैक पटीने पसरलं पण ४०० वर्षांचा मातीचा बांध टिकला आणि खालच्या गावांवरचं मोठं संकट टळलं. मी बांधावर उभा राहिलो तेव्हा वर जुने ओक एवढे दाट की हा बांध आहे हेच आधी लक्षात येत नाही. क्रुमलोवच्या किल्ल्यातल्या भिंतींवर जो पैसा दिसतो त्यातला बराच असल्या तळ्यांतून आलेला आहे, म्हणून म्हणतो दोन्ही बघा. क्रुमलोवला माझ्याकडून ५ पैकी ४, त्रेबोनला पूर्ण ५.

खाण्याचं. शाकाहारी असाल तर बाहेर पर्याय कमी, तळलेलं चीज आणि बटाटे हे सगळीकडे मिळतं पण रोज खाववत नाही. कुलायदा नावाचं सूप नक्की घ्या, मशरूम, बटाटा, शेपू आणि आंबट क्रीमचं, वर अंडं असतं, नको असेल तर आधी सांगा. शेपू बघून घर आठवतं. काळा मसाला इथूनच न्या, होस्टेलच्या किचनमध्ये स्वतः करून खाणं परवडतं.

भाषेचं थोडं अवघड आहे. युनिव्हर्सिटीत आणि क्रुमलोवच्या हॉटेलांत इंग्रजी चालतं, छोट्या गावात आणि सरकारी कामात नाही, दहा-बारा चेक वाक्यं पाठ करूनच जा. लोक पहिल्यांदा कोरडे वाटतात पण होडीतून जाताना तेच लोक तुमची अडकलेली कनू ओढून काढतात.

कधी जायचं तर थिएटरचे दौरे मे ते ऑक्टोबरच असतात आणि सोमवारी नसतात, होडीला जून चांगला. हिवाळ्याचं सेमिस्टर मिळालं तरी नाराज होऊ नका, डिसेंबरात चारलाच अंधार पडतो हे खरं, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्रेबोनकडची तळी रिकामी करून जाळी ओढतात, पहाटे निघालात तर ते बघायला मिळतं, आणि ख्रिसमसला घरोघरी जो कार्प असतो तो तिथूनच जातो. गमबूट न्या, चिखल असतो.