‘तीन झाले की माझा नंबर’: चरईतल्या केशकर्तनालयाचा अनुभव

ठाण्यात चरईतून तलावपाळीकडे निघणाऱ्या एका अरुंद गल्लीत हे दोन खुर्च्यांचं दुकान आहे. पाटीवर ‘केशकर्तनालय’ एवढंच वाचता येतं, वरचं नाव उन्हापावसाने पुसून गेलंय. एसी नाही. बाकड्यावर चार माणसं दाटीवाटीने बसतात, पाचवा आला तर तो पायरीवर. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचे केस गेलं दीड वर्ष इथेच कापले जातात. ज्यांच्या घरी आमच्यासारखं मूल आहे त्यांना हे दुकान ठाऊक असायला हवं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमच्या मुलाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि जागेवर बसणं जड जातं, आणि टिक्सही आहेत, म्हणजे आपोआप होणाऱ्या हालचाली किंवा आवाज. पाच वर्षांचा असताना तो सारखे डोळे मिचकवायला लागला, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, थेंब घातले. मग घसा खाकरणं सुरू झालं, तर अ‍ॅलर्जीच्या औषधाच्या दोन बाटल्या संपल्या. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. सातव्या वर्षी मान उजवीकडे झटकायला लागला तेव्हा मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो आणि कळलं, की डोळे, घसा आणि मान हे सगळं एकच दुखणं आहे. शरीराच्या हालचालींच्या अनेक टिक्स, आवाजाची निदान एक, आणि हे सगळं वर्षाहून जास्त चाललेलं असलं तर त्याला टुरेट म्हणतात. टुरेट असलेल्या निम्म्याहून जास्त मुलांना एडीएचडीही असतो. तो चुळबुळ्या आहे हे आम्हाला बालवाडीपासून दिसत होतं, पण या दोन गोष्टी हातात हात घालून येतात हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

दोन्ही एकत्र असलं की काय होतं ते त्यानेच मला एकदा सांगितलं. “आई, मानेत आतून खाज येते. झटकली की जाते, मग परत येते.” शिंक यायच्या आधी नाकात होतं तसं. थोडा वेळ तो ती दाबून धरू शकतो, पण तेवढा वेळ त्याचं सगळं लक्ष त्या मानेत असतं. मुळात लक्ष टिकवणंच ज्याला जड जातं, त्याच्या वाट्याला मग फळ्यावरचं काय येणार? वहीत शेरा येतो, ‘वर्गात लक्ष नसते.’ घरी दप्तर टाकलं की तासभर त्याची मान उडत असते.

आणि केस कापायला बसणं म्हणजे नेमकं काय मागणं आहे बघा. अर्धा तास जागेवर बसायचं आणि मान धरायची. त्याला न जमणाऱ्या या दोनच गोष्टी आहेत, त्या दोन्ही एकाच खुर्चीत.

याआधी आम्ही एका मोठ्या एसी सलूनमध्ये जायचो. तिथल्या मुलाने त्याला पाच मिनिटांत सात-आठ वेळा “हलू नकोस” म्हटलं. ज्या टिकचं नाव काढाल ती वाढते, हे आम्हाला घरी केव्हाच कळलं होतं. आम्हीही सुरुवातीला “मान नको ना उडवूस” म्हणायचो आणि संध्याकाळपर्यंत ती दुपटीने उडायची. तिथेही तेच झालं. शेवटी त्या मुलाने एका हाताने डोकं घट्ट धरलं, मान जोरात झटकली गेली आणि कात्री कानाच्या पाळीला लागली. रक्त थोडंसंच होतं. पण माझ्याकडे वळून तो म्हणाला, “मॅडम, पोराला जरा धाक लावा.” लेक अर्ध्या कापलेल्या केसांनी खाली उतरला. पुढचे चार महिने मी घरीच, तो टीव्हीसमोर बसलेला असताना, स्वयंपाकघरातल्या कात्रीने जमेल तसे केस कापले. शाळेत मुलं हसली तेव्हा तो मला काही बोलला नाही, फक्त टोपी मागितली.

चरईचं दुकान शेजारच्या आजोबांनी सुचवलं. तिथे केस कापणारे काका पन्नाशीचे असावेत, मूळचे जुन्नरकडचे. पहिल्या दिवशी मी दारातच सगळं सांगायला लागले, एडीएचडी, टिक्स, डॉक्टर. त्यांनी ऐकून घेतलं, “बसा ताई” म्हणाले आणि हातातली दाढी पुरी करायला लागले. मला वाटलं, इथेही तेच होणार. पण दाढी करता करता ते आरशातून मुलाकडे बघत होते. तो बाकड्यावरून उठला, पंख्याचं बटण बंद-चालू केलं, पावडरचा डबा उघडून हुंगला, पाच-सहा वेळा मान झटकली. दहा मिनिटं कुणी त्याला काही बोललं नाही.

मग खुर्चीच्या हातांवर फळी आडवी टाकली आणि म्हणाले, “या मालक.” पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी खुर्ची आरशाकडून रस्त्याकडे वळवली. आरशात स्वतःची मान उडताना दिसली की आमच्याकडे ती आणखी उडते, पण हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. दुसरं म्हणजे अंगावरचं कापड गळ्याशी आवळलं नाही. आधी कॉलरमध्ये मऊ पंचा खोचला, वरून कापड सैल सोडलं. केस आत जातात, घरी जाऊन आंघोळ करावी लागते, पण गळ्याला काही काचलं तर मान थांबतच नाही. आणि पाण्याचा फवारा त्यांनी त्याच्याच हातात दिला. “मी सांगितलं की मारायचा.” हाताला काम मिळालं आणि पाय आपोआप थोडे शांत झाले.

आता कात्रीचं. हे मी खुर्चीला खेटून उभी राहून बघितलंय. मशीन मोठं गुरगुरतं म्हणून ते शक्यतो वापरतच नाहीत, सगळं कंगवा आणि कात्रीवर. डाव्या हातातला कंगवा कायम कात्री आणि कातडीच्या मधे. केस कंगव्याच्या वर आले की एक कट, आणि लगेच कात्री मिटून वर. दुसऱ्या कटासाठी पुन्हा खाली. मान मधेच उडाली तर कंगव्याची पाठ डोक्याला टेकते, कात्रीचं टोक तोवर हवेत असतं. डोकं धरायचं नाहीच, फक्त करंगळी टाळूवर अलगद ठेवलेली. मी विचारलं, ती करंगळी कशाला? म्हणाले, “झटका यायच्या आधी डोकं जरा ताठ होतं, बोटाला कळतं.”

कानाजवळचं सगळ्यात अवघड. तिथे ते चक्क थांबतात. टिक्स सुट्या सुट्या येत नाहीत, त्यांचा झुबका येतो आणि मग थोडी उसंत मिळते. हे आम्हाला डॉक्टरांनी समजावलं होतं. काकांनी ते नुसतं बघून ओळखलं. दुसऱ्या खेपेला मला म्हणाले, “ताई, याचे तीन झाले की माझा नंबर.” मान तीनदा उडते, ते कान बोटाने दुमडतात, दोन-तीन कट मारतात आणि हात मागे घेतात. मोठ्याने मोजत नाहीत. मुलाला अजूनही माहीत नाही की ते मोजतात.

मधे दोन-तीनदा त्याला खाली उतरू देतात. तो पायरीपर्यंत जातो, गल्लीतल्या स्कूटर मोजतो आणि परत येतो. अर्धवट केस, अंगावर कापड, तसाच. बाकड्यावरची माणसं बघतात. एकदा शेजारच्या खुर्चीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, “या पोराला काय होतंय?” काका मान वर न करता म्हणाले, “त्याची मान तशीच चालते. तुमचे कल्ले कुठपर्यंत ठेवायचे, ते सांगा तुमच्या कारागिराला.” विषय तिथेच संपला. मला हेच उत्तर लग्नकार्यात, लिफ्टमध्ये, टीएमटीच्या बसमध्ये कधी सुचलं नव्हतं. मी नेहमी पूर्ण आजार समजावून सांगत बसायचे आणि लेक शेजारी उभा राहून ऐकायचा.

वेळेचं थोडं सांगते, कारण त्याने खूप फरक पडला. माझी बँक, त्यामुळे दुसरा आणि चौथा शनिवार मोकळा. आम्ही दुसऱ्या शनिवारी सव्वानऊला पोहोचतो, तेव्हा गर्दी नसते. त्याला एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेटची साधी गोळी आहे, तिचा असर तीन-चार तास राहतो. म्हणून नाश्त्याबरोबर आठला गोळी आणि सव्वानऊला खुर्ची. सुट्टीच्या दिवशी गोळी द्यायची की नाही हे आम्ही डॉक्टरांना विचारूनच ठरवलंय, तुम्हीही विचारा. या गोळीने टिक्स वाढतील या भीतीने मी पहिले तीन महिने ती सुरूच केली नव्हती. मग डॉक्टरांनी अमेरिकेतल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. तो २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात टिक्स आणि एडीएचडी दोन्ही असलेली १३६ मुलं होती. मिथाइलफेनिडेट घेणाऱ्यांमध्ये टिक्स वाढल्याचं प्रमाण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं नाही. प्रत्येक मूल वेगळं असतं हेही त्यांनी सांगितलं. आमच्याकडे मान होती तशीच राहिली, पण खुर्चीत बसणं पाच मिनिटांवरून पंधरावर गेलं.

आता काय आवडलं नाही तेही. कटिंग अगदी रेखीव होत नाही, मागे एखादी पायरी राहते. पाऊण तास लागतो. दुसऱ्या खुर्चीवरचा मुलगा स्वभावाने चांगला आहे, पण घाईचा, त्याच्याकडे आमच्यासारखं मूल देऊ नका. काका नसतील तर मी सरळ परत जाते. पंखा खडखडतो आणि आवाजाचा त्रास असलेल्या मुलांना तो सोसणार नाही. मागच्या वर्षी दिवाळीच्या आदल्या दिवशी गेलो होतो, ती आमची चूक. बाकडं भरलेलं, रेडिओ मोठा, सगळे घाईत. लेकाची मान दहा मिनिटांत इतकी उडायला लागली की काकांनीच सांगितलं, “आज नको ताई, भाऊबीज झाल्यावर आणा.” पैसे घेतले नाहीत. कानावर अर्धे केस आले होते, पण मला बरंच वाटलं.

गेल्या महिन्यात बाकड्यावर एक चार-पाच वर्षांचं पोर रडत होतं, खुर्चीला घाबरून. माझा मुलगा फळीवरूनच त्याला म्हणाला, “माझी मान बघ कशी उडते. उडली की काका थांबतात. तुझं रडू आलं तरी थांबतील.” टिक्सबद्दल तो बाहेरच्या माणसाशी बोललेलं, मी ऐकलेलं पहिलं वाक्य ते.

मुलांचे शंभर रुपये, रोख किंवा जीपे. सोमवारी बंद. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, तलावपाळीला उतरून चालत या. मूल आवाजाला बिचकत असेल तर बसायच्या आधीच काकांना ‘मशीन नको’ म्हणून सांगा. मानेवरची लव काढायला ते छोटं ट्रिमर वापरतात, पण आधी स्वतःच्या मनगटावर लावून दाखवतात, मग मुलाच्या तळहातावर. माझा मुलगा नको म्हणाला तर लव तशीच ठेवतात. वस्तरा त्याच्या मानेला त्यांनी आजवर लावलेला नाही, मी सांगितलं नसतानाही.