नमुना खरा, माल खोटा

चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात शेजारचे काका पाउच घेऊन आले. काका पायलट आहेत. गोव्याबाहेरच्यांना सांगायला हवं, इथे पायलट म्हणजे भाड्याने मागे बसवून नेणारा मोटारसायकलवाला. डिचोलीच्या बसस्टँडजवळ त्यांची पिवळी-काळी गाडी लागते. मेच्या अखेरीस मीच त्यांना तो चामड्याचा पाउच हाताने शिवून दिला होता. कमरेच्या पट्ट्यात ओवायचा, पुढे सुट्ट्या पैशांचा कप्पा, मागे मोबाइल. एवढ्या पावसात त्याच्या झाकणावरचा पापुद्रा सुटला होता. नखाने धरून ओढला तर तपकिरी फिल्म बोटभर लांब सरळ निघून आली. खाली राखाडी, पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी. काका रागावले नव्हते. "घाम लागलो आसतलो रे," म्हणाले. मलाच तोंड लपवावंसं वाटलं.

आता सुरुवातीपासून सांगतो, कारण यात माझाही वाटा आहे.

चामड्याचं काम मी दोन वर्षं हौस म्हणून करतो. दिवसा नोकरी, रात्री जेवणानंतर दोन सुया आणि एक दोरा. छोट्या वस्तू झाल्या होत्या, पाउच पहिलाच. त्यासाठी साधारण 2 मिलिमीटरचं व्हेज टॅन कातडं हवं होतं, म्हणजे झाडाच्या सालीने, फळाने कमावलेलं. समाजमाध्यमावर एक विक्रेता सापडला. फोटो देखणे होते: कातड्याची मोठी गुंडाळी, मागे निळं पिंप, भिंतीला टेकवलेली शिडी. "कोल्हापुरी चपलेला वापरतात तेच सर, बाभूळ आणि हिरडा," असं त्याने लिहिलं. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात हे खरंच आहे. आपल्याला एक गोष्ट खरी माहीत असली की तिच्या शेजारी ठेवलेली खोटी गोष्टही खरी वाटते.

तरी मी शहाणपणा केला होता. आधी नमुना मागवला. तळहाताएवढा तुकडा आला आणि तो अस्सल होता. पाण्याचा थेंब टाकला, लगेच आत मुरून डाग गडद झाला. कड ओली करून लाकडाने घोटली, काचेसारखी चमकली. मी खूश. 280 रुपये चौरस फूट, 12 फूट, वर कुरिअरचे 240, असे 3,600 रुपये यूपीआयने आगाऊ पाठवले.

गुंडाळी आली ती चांगली बाजू आत ठेवून, घट्ट बांधून. उघडल्यावर पहिला वास चामड्याचा. (तो वास बाटलीत मिळतो, फवारता येतो, हे मला नंतर कळलं.) दिसायला इतकी नितळ की बायको म्हणाली, "किती सुंदर आहे हो." खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. म्हैस असो की गाय, जनावर कुंपणातून जातं, काटे लागतात, गोचीड चावते, मानेला वळ्या पडतात, पोटाकडचं कातडं सैल असतं. या गुंडाळीवर एक व्रण नव्हता. नंतर नीट पाहिलं तर एकच सुरकुती, तिरपी, टोकाला फाटा फुटलेली, वीतभर अंतराने पुन्हा पुन्हा येत होती. दोन जनावरांना सारखी सुरकुती नसते, एकाच जनावराला तीच चार वेळा कुठून येणार? नक्षीच्या साच्याने दाबलेली होती ती.

मापातही मारलं होतं. आमच्या हॉलात दोन फुटी फरशी आहे, म्हणजे एक फरशी चार चौरस फुटांची. गुंडाळी पसरली तर दोन फरश्या झाकून तिसरीचा जेमतेम कोपरा. नऊच्या आसपास. हे मी माल आल्या दिवशी नव्हे, ऑगस्टमध्ये मोजलं.

शिवताना प्रत्येक पायरीवर कातडं मला सांगत होतं. छिन्नीने भोकं पाडली तर प्रत्येक भोकाभोवती बारीक काठ उचलला जायचा. रापीने कापलं की कडेवर वर एक रेघ वेगळी दिसायची, खाली निळसर राखाडी. कड घोटून घोटून अंगठा दुखला, ती पुन्हा लव येऊन उभी. आणि मी काय ठरवलं? की रापीला धार नाही, माझा हात कच्चा आहे, हवेत दमटपणा आहे. नवशिक्याला फसवणं सोपं का, तर माल वाईट निघाला तरी तो आधी स्वतःला दोष देतो. विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असावं. "सर, थोडा सराव लागतो," हे त्याचं उत्तर मी तेव्हा आभार मानून वाचलं होतं.

काकांनी पाउच परत आणल्यावर मी तो बसस्टँडजवळ बसणाऱ्या चर्मकारांकडे नेला. त्यांनी चष्माही लावला नाही. रापीने कडेची एक चकती उडवली, घडी घातली आणि म्हणाले, "हें वयलें चामडें न्हय रे, सकयलें. वयर प्लास्टीक." जाड कातडं आडवं चिरून दोन थर करतात. वरच्या थरात खरी ताकद, तोच फुल ग्रेन. खालचा थर म्हणजे स्प्लिट. त्यावर पॉलियुरेथेनची फिल्म चिकटवली, नक्षी दाबली की झालं. स्प्लिट वाईट असतं असं नाही, ते त्याच नावाने आणि त्याच भावात विकलं तर कुणाची तक्रार नाही.

माझी खात्री पटवली ती विनागराने, म्हणजे व्हिनेगरने. माडाच्या सुरेचं विनागर घरात होतंच. जुन्या छपराचे गंजके खिळे त्यात आठवडाभर बुडवून ठेवले. हे पाणी व्हेज टॅनवर पडलं की सालीतलं टॅनिन आणि लोखंड मिळून काळा रंग होतो. नमुन्याच्या उरलेल्या तुकड्यावर एक थेंब टाकला, बघता बघता शाईसारखा काळा. गुंडाळीच्या तुकड्यावर टाकला तर गंजाचा पिवळट डाग, बस. वरच्या फिल्ममुळे असेल म्हणून मागच्या बाजूलाही टाकला. तिथेही तेच. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेल्या कातड्याला वर वनस्पतीचा हात दिलेला असेल तर थोडं काळवंडतं, म्हणून या एका कसोटीवर विसंबू नका. पण कड, पाण्याचा थेंब आणि विनागर, तिन्ही एकच सांगू लागले की वाद उरत नाही.

दोन्ही तुकड्यांचे फोटो विक्रेत्याला पाठवले. दोन दिवस गप्प. मग अचानक गोड: "सर, पूर्ण रिफंड देतो." आणि एक क्यूआर कोड. "स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील." मी संतापलेला होतो, पैसे परत मिळणार म्हणून घाईतही होतो. स्कॅन केलासुद्धा. पडद्यावर 3,600 आकडा, खाली पिनचे रिकामे रकाने. मुलगी बाजूला अभ्यास करत होती, तिने मान वर न करता विचारलं, "पप्पा, पैसे येणार ना? मग पिन कशाला?" पैसे येताना यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. हे मला माहीत होतं. तरी अंगठा रकान्यावर होता.

1930 वर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 पण लावला. पावतीचे क्रमांक मिळाले, पैसे अजून नाहीत. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट आधीच हाताशी ठेवा, माझे शोधण्यात अर्धा तास गेला. पैसे गेल्या दिवशीच फोन करणाऱ्याला निदान आशा असते, मी तीन महिने उलटून गेल्यावर केला.

काकांचा पाउच मी उसवायला घेतला. फिल्म गेली, पण टाका एकही सुटला नव्हता. दोन सुयांचा टाका असाच असतो, एका बाजूचा धागा तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो. आरीने एकेक उपसताना वेळ लागला. नवं कातडं आता कुणी कोल्हापूरला जाणारा भेटला तरच मागवीन, तेही त्याला आधी कड कापून बघायला सांगून.

परवा तेच पान नव्या नावाने दिसलं. फोन नंबर वेगळा, भाव 260. फोटो तेच: गुंडाळी, शिडी, मागे निळं पिंप.