कलमाचा शब्द की पूर्वनिर्णय: युक्तिवाद कशावर उभारावा?

युक्तिवाद लिहायला घेताना कलमाच्या शब्दांवर भर द्यावा की वरच्या न्यायालयांच्या आधीच्या निवाड्यांवर, म्हणजे पूर्वनिर्णयांवर, हा प्रश्न वकिलीची पहिली काही वर्षे मला सतत पडत असे. कलम स्वतः वाचून आपल्याला पटलेला अर्थ मांडण्यात मोकळेपणा असतो, आणि प्रकरणातील वस्तुस्थिती खरोखरच वेगळी असेल तर तोच मार्ग न्यायाच्या अधिक जवळ नेतो, असे मी आजही मानतो.

तरीही माझा कल पूर्वनिर्णयाकडे वळला तो मोटार अपघाताच्या दाव्यांमुळे. घरातला कमावता माणूस गेलेली बाई समोर बसून ‘साधारण किती मिळेल, साहेब?’ असे विचारायची आणि माझ्याकडे उत्तर नसायचे. मोटार वाहन कायद्याचे कलम १६८ न्याय्य वाटेल ती भरपाई द्या, एवढेच सांगते. हे शब्द प्रामाणिकपणे वाचूनही दोन न्यायाधिकरणांनी एकाच वयाच्या, जवळपास सारख्याच पगाराच्या दोन मृतांसाठी बरेच वेगळे आकडे ठरवलेले मी पाहिले आहेत, आणि कमी रक्कम मिळालेल्या कुटुंबाला त्याचे कारण समजावून सांगणे मला कधीच जमले नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा प्रकरणात वयोगटानुसार गुणक, म्हणजे मृताच्या वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो आकडा, ठरवून दिला, २६ ते ३० वयासाठी १७, ३१ ते ३५ साठी १६, याप्रमाणे. मृताच्या स्वतःवरील खर्चाची वजावटही आश्रितांच्या संख्येशी जोडली. २०१७ च्या प्रणय सेठी निवाड्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने ही चौकट कायम ठेवून भविष्यातील उत्पन्नवाढीचे प्रमाणही निश्चित केले. आता तोच हिशोब मी पक्षकारासमोर कागदावर मांडून दाखवू शकतो.

पूर्वनिर्णयाचे दोष लहान नाहीत. चुकीचा निर्णय दीर्घकाळ ठाण मांडून बसतो. आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही असे ठरवणारा १९७६ चा एडीएम जबलपूर निवाडा स्पष्टपणे मोडीत निघायला २०१७ उजाडले. मला स्वतःला अधिक झळ लागली ती भूसंपादनात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २४(२) नुसार जुने भूसंपादन केव्हा रद्द होते, याबाबत तीन न्यायाधीशांनी जानेवारी २०१४ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या प्रकरणात, मोबदला सरकारी कोषागारात भरणे म्हणजे तो देणे नव्हे, असे ठरवले. त्याच आधारावर माझ्या एका पक्षकाराने जमीन परत मिळण्याची आशा धरली होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये तितक्याच संख्येच्या दुसऱ्या पीठाने बहुमताने तो निवाडाच सदोष ठरवला, आणि पाच न्यायाधीशांनी ६ मार्च २०२० रोजी तो रद्दबातल करेपर्यंत आमच्या हाती तारखांखेरीज काही पडले नाही. मात्र कलमाच्या शब्दाने तरी माझ्या पक्षकाराला तारले असते का? कलमात ‘किंवा’ छापलेले होते. ताबा घेतलेला नसणे किंवा मोबदला दिलेला नसणे, यांपैकी एक गोष्ट पुरेशी आहे असे कोणीही वाचले असते. पण २०२० च्या त्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने दोन्ही गोष्टी एकत्र असणे आवश्यक मानले.

माझा अनुभव एका जिल्ह्यापुरता आहे, त्यामुळे आग्रह धरत नाही. परंतु भरपाई, मुदत, जामीन अशा रोजच्या विषयांत मी युक्तिवाद पूर्वनिर्णयापासूनच सुरू करतो. त्याआधी पीठ किती न्यायाधीशांचे होते, नंतरच्या मोठ्या पीठाने काही वेगळे म्हटले आहे का, हे तपासतो, आणि केवळ हेडनोटवर, म्हणजे निवाड्याच्या वर छापलेल्या सारांशावर, न थांबता पूर्ण निवाडा वाचतो. वस्तुस्थितीतला फरक त्या वाचनातच सापडतो, आणि तो सापडला तरच मी कलमाच्या शब्दांकडे वळतो.