नाना पेठेतील पुस्तकबांधणीचे दुकान : जिवेभावे केलेले काम

पुण्यात क्वार्टर गेटकडून नाना पेठेत शिरल्यावर एका बोळाच्या तोंडाशी पुस्तकबांधणीचे छोटे दुकान आहे. 1792 सालच्या सिटी चर्चपासून ते पायी जाण्याच्या अंतरावर असून आसपासच्या ख्रिस्ती मंडळ्यांतील अनेक कुटुंबांना ठाऊक आहे. मालकांनी आपले नाव कोठेही छापू नये असे आग्रहाने सांगितल्यामुळे ते येथे देत नाही. परंतु जुने पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पुन्हा बांधून घ्यायचे असेल, तर मी कोणालाही निःशंकपणे याच दुकानात जायला सांगेन.

आमच्या घरातील पवित्र शास्त्र आजीचे आहे. स्तोत्रसंहितेपाशी त्याची पाठ दुभंगली होती आणि यशयाचे शेवटचे अध्याय सुटे झाले होते. पूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी केलेल्या दुरुस्तीत पाठीवर नुसता गोंद थापून वर चकचकीत रेक्झिन चढवले होते, त्यामुळे थोड्याच काळात पानांचे गठ्ठे निघू लागले. या दुकानातील काकांनी आधी तो जुना गोंद खळीने मऊ करून हळूहळू खरवडून काढला, मग सर्व फर्मे, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, वेगळे केले, घडीत फाटलेल्या पानांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या आणि त्यानंतरच शिवणीला हात घातला. जुजबंदी नावाच्या या शिवणीत प्रत्येक फर्मा घडीतून दोऱ्याने शिवून शेजारच्या फर्म्याशी गुंफला जातो. हे काम वेळखाऊ असल्यामुळे आता फारसे कोणी करत नाही. त्याचा लाभ असा, की ग्रंथ टेबलावर उघडा ठेवला तरी पाने आपोआप मिटत नाहीत, आणि संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत वाचणाऱ्याला दोन्ही हातांनी ग्रंथ दाबून धरावा लागत नाही.

एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. बांधणी झाल्यावर पुस्तकाच्या तिन्ही कडा यंत्रावर कापून सरळ करण्याची पद्धत आहे आणि त्यामुळे काम नेटके दिसते. आजीने मात्र समासात अगदी कडेपर्यंत पेन्सिलीने लिहिले आहे : कोणाचा बाप्तिस्मा कधी झाला, कोणाच्या आजारपणात कोणते स्तोत्र वाचले, दुष्काळाच्या वर्षी कशासाठी प्रार्थना केली. काकांनी एकेक पान उजेडासमोर धरून पाहिले आणि म्हणाले, “कटर लावला तर कडा सरळ येतील, पण आजींची अक्षरे जातील. राहू देत वाकड्या.” अशी सूचना मी केलेली नव्हती, किंबहुना ती करावी हे मला सुचलेही नव्हते.

पवित्र शास्त्राला एवढे जपणे ख्रिस्ती कारागिराकडून अपेक्षितच आहे, असे कोणी म्हणेल. पण त्याच टेबलावर एका किराणा दुकानाची खातेवही आणि एका विद्यार्थ्याचा प्रबंध पडला होता, आणि त्यांच्या पाठीवरही कापड तितक्याच निगुतीने बसवले जात होते, जे पुठ्ठा चढल्यावर कोणालाही दिसणार नव्हते. “काका, हिशेबाच्या वहीची आतली शिवण कोण बघायला जातंय?” असे मी विचारले, तेव्हा मान वर न करता त्यांनी उत्तर दिले, “ज्याच्यासाठी करतो, तो बघतो.”

मला हे दुकान मोलाचे वाटते ते यासाठी. कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, अशी आज्ञा आहे. आणि ती उपदेशकांना नव्हे, तर तोंडदेखली चाकरी करू नका असे बजावून दासांना दिलेली आहे, ज्यांच्या कामाला ना मान होता ना मोबदला. देवावर पूर्ण मनाने, जिवाने, बुद्धीने आणि शक्तीने प्रीती करण्याची थोर आज्ञा आपण पाठ म्हणतो, परंतु व्यवहारात तिला रविवारची उपासना, प्रार्थनासभा आणि उपवासकाळ एवढ्यातच बसवतो. सोमवारी सकाळी कार्यालयात केलेली टाळाटाळ तिच्या कक्षेत येते असे आपल्याला वाटतच नाही. निर्गमाच्या 31व्या अध्यायात देवाने आपल्या आत्म्याने भरलेला बसालेल सोने, रुपे, पितळ, दगड आणि लाकूड यांवर काम करणारा कारागीर होता. आपल्याच पुणे जिल्ह्यात, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले आणि तेथील स्त्रियांना छपाईचे काम शिकवले. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई निवर्तल्या आणि संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये प्रकाशित झाला. ज्या स्त्रियांना समाजाने टाकून दिले होते, त्यांच्या हातांचे कष्ट त्या छापखान्यात होते, आणि त्या कष्टांना मी भक्तीच म्हणते.

आता उणिवा. घाई असणाऱ्यांनी येथे जाऊ नये, कारण तातडीचे काम काका स्वीकारत नाहीत. रेक्झिनचे रंग काळा, तपकिरी आणि गडद लाल एवढेच आहेत, आणि पाठीवरील सोनेरी देवनागरी अक्षरे एकाच आकाराची असल्याने लांब नाव नीट बसत नाही. जूनमध्ये शाळा-महाविद्यालयांच्या कामाची झुंबड असते, तरीही रविवारी दुकान बंदच राहते. आमच्या ग्रंथासाठी 750 रुपये घेतले, ते कामाच्या मानाने कमीच आहेत. जास्त देऊ केले तर ते घेत नाहीत.

ग्रंथ नेताना सुटी पाने क्रमाने लावून, दोऱ्याने न बांधता कापडात गुंडाळून न्यावीत. समासात किंवा कोऱ्या पानांवर घरच्यांनी लिहिलेले काही असल्यास ते आधीच दाखवावे. जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदींची पाने जीर्ण झाली असतील, तर काका ती स्वतंत्रपणे दुरुस्त करून मूळ जागीच बसवून देतात.