राणीच्या बागेशेजारचं सोनेरी दालन

इटालियन प्रबोधनकाळ शिकवायचा असला की मी चित्रकलेच्या मुलांना आधी भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात नेते. १८७२ साली लोकांसाठी उघडलेली ही वास्तू पॅलेडियन शैलीची. सोळाव्या शतकातल्या इटालियन वास्तुकार आंद्रेआ पॅलाडिओचा प्रमाणबद्धपणा इथे डोळ्यांनी मोजता येतो. आत ओतीव लोखंडाचे खांब, इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या नक्षीदार फरश्या, सोन्याचा वर्ख... मान वर करून बघतच राहावं! जीर्णोद्धारही किती जीव लावून केलाय. २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. नाना शंकरशेट आणि भाऊ दाजींनी संग्रहालयासाठी केलेली खटपट मुलांना जरूर सांगा. छोट्यांना मातीच्या बाहुल्या फार आवडतात. बाहेर घारापुरीचा दगडी हत्तीही आहे. बुधवारी मात्र बंद असतं.